सहा पेन्सांचं म्हातारपण : शिडाच्या जहाजांवरचे खलाशी थकल्यावर जायचे कुठे?

दर्याकाठ :

शिडाच्या जहाजांचा विषय निघाला की गप्पा कप्तान, वादळं आणि चाचे यांच्याकडे वळतात. मला बरेच दिवस छळणारा प्रश्न वेगळा आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी जहाजावर चढलेला साधा खलाशी पंचेचाळिशीला आला, डोलकाठीवर चढणं होईना, तेव्हा त्याचं पुढे काय व्हायचं?

इंग्लंडच्या व्यापारी जहाजांपुरतंच लिहितो, कारण तिथलेच कायदे आणि नोंदी मी नीट वाचल्यात. आरमार वेगळं, व्यापारी जहाजं वेगळी, हे आधी लक्षात घ्या. सगळं दुखणं त्या फरकातच आहे.

लंडनजवळ थेम्सच्या काठी ग्रिनिच इथे आरमारातल्या म्हाताऱ्या आणि जायबंदी खलाशांसाठी आश्रयस्थान बांधायचं ठरलं. १६९४ ची सनद, क्रिस्टोफर रेनसारखा वास्तुकार, राजवाड्याच्या तोडीची इमारत. पैसा कमी पडू लागला, म्हणून १६९६ च्या कायद्याने खलाशांच्या पगारातून महिन्याला सहा पेन्स कापायला सुरुवात झाली. आरमारातल्यांच्या पगारातून कापले आणि व्यापारी जहाजांवरच्यांच्याही. दार मात्र आरमारवाल्यांनाच उघडं. व्यापारी खलाशाला आत घ्यायचं तर त्याने शत्रूशी किंवा चाच्यांशी लढताना जखमी झालेलं असावं, एवढाच अपवाद पुढे केला गेला. गुडघे गेले, अंतर्गळ झाला, डोळ्यांनी दिसेना, असल्या कारणांनी कुणाला आत घेत नव्हते.

हिशोब करून पाहिला. अठराव्या शतकात, लढाई नसताना, साध्या खलाशाला महिन्याला २५ ते ३० शिलिंग मिळत. बारा पेन्सांचा एक शिलिंग, म्हणजे २५ शिलिंगांचे ३०० पेन्स. त्यातले सहा गेले, शंभराला दोन. रक्कम लहान वाटेल. पण तो ती वीस-पंचवीस वर्षं भरायचा, आणि लंडनच्या गोदीत येता-जाता दर खेपेला ती पांढरी इमारत त्याच्या डोळ्यांसमोरून जायची.

मग १७४७ साली व्यापारी खलाशांसाठी वेगळा निधी निघाला. आजारी, जायबंदी, बुडून मेलेल्यांच्या बायका-पोरं यांच्यासाठी. त्याचे आणखी सहा पेन्स. ग्रिनिचचे बंद झाले नाहीत, म्हणजे महिन्याला एकूण बारा. निधीचा कारभार व्यापारी आणि जहाजमालकांच्या हाती. एकोणिसाव्या शतकात कितीतरी बंदरांत तो रिकामा झाला आणि १८५१ मध्ये कायद्याने गुंडाळला गेला. ग्रिनिचची कपात व्यापारी खलाशांपुरती १८३४ च्या कायद्याने थांबली. १६९६ ते १८३४, म्हणजे १३८ वर्षं. आजोबाने भरले, बापाने भरले, नातवाने भरले.

आता काम काय होतं ते सांगतो, म्हणजे शरीर इतक्या लवकर का मोडायचं ते कळेल. माणसांच्या दोन पाळ्या. चार तास काम, चार तास सुटी, पुन्हा चार तास काम, असं रात्रंदिवस. संध्याकाळी चार ते आठची पाळी मोडून दोन-दोन तासांच्या दोन पाळ्या करायच्या, म्हणजे रोज त्याच माणसाच्या वाट्याला मध्यरात्र येत नाही. सलग चार तासांची झोपसुद्धा नाही, तीही 'सगळे वर' अशी हाक आली नाही तर. शीड आवळायचं म्हणजे आडव्या काठीवर पोट टेकून, पायाखालच्या एका दोरावर उभं राहून, ओलं, ताठ झालेलं कापड मुठीने ओढायचं. ग्रिनिचलाच आज 'कटी सार्क' उभी आहे, १८६९ ची. तिची मधली डोलकाठी १५२ फूट उंच आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नच्या थंडीत कापडावर बर्फ धरायचा, नखं उलटायची. ओझी ओढून अंतर्गळ होणं तर इतकं नेहमीचं की कमरेला पट्टा बांधूनच लोक कामं करायचे. सततच्या ओलीने सांधे धरायचे. खारवलेलं मांस, दगडासारखी बिस्किटं आणि वाटाणे, एवढ्यावर महिनोन् महिने काढायचे.

जहाजावर बहुतेक माणसं विशी-तिशीतली असायची, यात मला काही नवल वाटत नाही.

थकलेला माणूस मिळेल ते धरायचा. जहाजावरच स्वैपाकी व्हायचा, शिडं शिवायला बसायचा, गोदीत रात्रीचा पहारा करायचा. मालकाने दया केली तर. नाहीतर गावच्या गरीबखान्यात जायचं, आणि गरीबखान्यात बसल्या जागी द्यायचं एक ठरलेलं काम होतं : जहाजांचे जुने डांबरट दोर बोटांनी उकलून त्यांचे तंतू मोकळे करायचे. ते तंतू पुन्हा जहाजाच्या फळ्यांच्या फटींत ठोकायला जायचे. जन्मभर जे दोर ओढले तेच म्हातारपणी नखांनी उकलत बसायचं. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आणि हो, लंडनच्या माइल एंड रोडवर १६९५ ची एक देखणी धर्मशाळा आहे, ट्रिनिटी हाउसची. २८ घरं. तीही जहाजांच्या कप्तानांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी.

कुणाच्या घरी या बाजूच्या आठवणी, माहिती असेल तर जरूर लिहा.

मीठगर :

सुंदर लिहिलंय. एक साधी शंका. महिन्याला २५ शिलिंग, वर खाणं-राहणं जहाजावर. दोन वर्षांच्या सफरीनंतर हातात बऱ्यापैकी रक्कम येत असणार. मग गाठीला काहीच का नव्हतं? व्यसनं होती म्हणून, असंच सगळीकडे वाचलंय.

दर्याकाठ :

व्यसनं होती, नाही म्हणत नाही. पण तेवढ्यावर दोष ढकलणं अन्याय आहे. पैसा जायचा कसा ते पाहा.

खलाशी बंदरात उतरला की खानावळवाले दलाल होडी घेऊन जहाजापाशी हजर. राहायला खोली, जेवण, दारू, कपडे, सगळं उधारीवर. उधारी फिटेपर्यंत पगार संपलेला. मग तोच दलाल त्याला पुढचं जहाज मिळवून द्यायचा. जहाजात भरती होताना एक महिन्याचा पगार आगाऊ मिळे, पण रोख नाही, चिठ्ठीवर. ती चिठ्ठी जहाज निघून गेल्यावर काही दिवसांनी वटायची. जहाजावर निघालेला माणूस ती कशी वटवणार? दलाल कमी पैशांत विकत घ्यायचा किंवा उधारीत वळती करायचा. म्हणजे पहिला महिना तो फुकट राबायचा.

त्या महिन्याला ते 'मेलेला घोडा' म्हणायचे. महिना संपला की पेंढा आणि शिडाचं जुनं कापड घेऊन घोडा करायचे, गाणं म्हणत डेकवरून ओढत न्यायचे, काठीच्या टोकाला वर चढवायचे आणि दोर कापून समुद्रात सोडायचे. त्या दिवसापासूनची कमाई आपली.

यापेक्षा मोठी गोष्ट पुढची आहे. कायदा असा होता की मालाचं भाडं मिळालं तरच पगार. जहाज बुडालं, भाडं बुडालं, की खलाशाचा पगारही बुडाला. पोहत किनाऱ्याला लागलेल्या माणसाने एक वर्षाचं काम केलेलं असलं तरी हातात काही नाही, आणि मेलेल्याच्या बायकोलाही नाही. हा नियम १८५४ च्या कायद्याने गेला. त्यानंतरही जहाज ज्या दिवशी फुटलं त्या दिवसापर्यंतचाच पगार. मालकाकडे विमा होता, खलाशाकडे काही नव्हतं.

सरकारने खलाशांची बचत बँक, घरी पैसे पाठवायची मनीऑर्डर वगैरे सुरू केलं ते १८५० च्या दशकात. तोवर शिडाचं जहाज शेवटच्या बहरात होतं.

खाडीपलीकडे :

लंडनला तीन वर्षं आहे. हा धागा वाचून रविवारी ग्रिनिचला परत जाऊन आले. तिथलं रंगवलेलं दालन बघितलं. जेम्स थॉर्नहिलने १७०७ ते १७२६, एकोणीस वर्षं खपून छत आणि भिंती रंगवल्या. ते दालन निवृत्त खलाशांच्या जेवणासाठी बांधलं होतं. पूर्ण झाल्यावर इतकं भव्य वाटलं की त्यांना तिथे जेवूच दिलं नाही, त्यांची पंगत खाली तळघरात. पुढे तेच म्हातारे खलाशी पाहुण्यांना दालन दाखवून चार पैसे मिळवत. जानेवारी १८०६ मध्ये, ट्रफॅल्गारच्या लढाईत पडलेल्या नौसेनानी नेल्सनचं शव अंत्यदर्शनाला ठेवलं होतं तेही तिथेच.

पूर्वी मी दोनदा जाऊन आलेय. दोन्ही वेळा मान वर करून छत पाहिलं होतं. या वेळी खाली तळघरात जास्त वेळ थांबले. विटांचे खांब, कमानी, थंडगार. तिथे जेवणारे निदान आरमारातले तरी होते. तुमच्या धाग्यातला माणूस तर तळघरापर्यंतही पोचला नाही.

दर्याकाठ :

पोचला, पण फार उशिरा. हा भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता.

१८२१ साली लंडनच्या काही लोकांनी वर्गणी काढून दरिद्री खलाशांसाठी तरंगता दवाखाना सुरू केला. ग्रिनिचसमोर नदीत जुनी युद्धनौका नांगरून. आधी 'ग्रॅम्पस', १८३१ पासून 'ड्रेडनॉट', जी १८०५ मध्ये ट्रफॅल्गारला लढली होती. कुठल्याही देशाचा, कुठल्याही धर्माचा खलाशी यावा, शिफारसपत्र लागत नसे. आपल्याकडचे लश्कर, म्हणजे इंग्रजी जहाजांवर चाकरी करणारे हिंदी खलाशी, तेही तिथे उपचार घेत.

म्हणजे काय चित्र झालं बघा. काठावर पांढऱ्या दगडाचा आणि चित्रांचा वाडा, ज्यासाठी व्यापारी खलाशांनी पैसे भरलेले. आणि समोर नदीच्या गाळात कुजत चाललेली लाकडी नौका, जिच्यात तेच खलाशी आजारी पडलेले. एकमेकांपासून होडीच्या अंतरावर.

पुढे आरमारातल्या निवृत्तांना वाड्यात राहण्यापेक्षा घरी पेन्शन घेणं बरं वाटू लागलं. १८६९ पर्यंत ग्रिनिच रिकामं झालं. आणि १८७० मध्ये नदीतला दवाखाना वर आला, ग्रिनिचच्या रुग्णालयाच्या इमारतीत. म्हणजे पहिली कपात झाली त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी व्यापारी खलाशी त्या आवारात हक्काने आडवा झाला. राहायला नाही, आजारापुरता. वृद्ध व्यापारी खलाशांसाठी खास घर १८६७ मध्ये केंटमध्ये बेल्व्हिडिअर इथे उघडलं. सत्तरी गाठलेल्या बहुतेक गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन देणारा कायदा १९०८ चा. तेव्हा शिडाच्या जहाजांचे दिवस सरत आले होते.

पूर्वतट :

अमेरिकेतलं उदाहरण द्यायचा मोह होतोय. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर 'सेलर्स स्नग हार्बर' नावाची जागा आहे, आमच्या घरापासून फेरीबोटीने सोपं आहे. कॅप्टन रॉबर्ट रिचर्ड रँडल यांनी १८०१ मध्ये मृत्युपत्र केलं : मॅनहॅटनमधली आपली २१ एकरांची वाडी विकू नये, तिच्या उत्पन्नावर थकलेल्या, झिजलेल्या खलाशांसाठी घर चालवावं. वारसांनी कोर्टबाजी केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १८३० मध्ये निकाल लागला आणि १८३३ मध्ये घर उघडलं. वाडीची जागा वॉशिंग्टन स्क्वेअरच्या लगतची. शहर तिच्यावरून वाढत गेलं आणि भाडं इतकं आलं की १९०० च्या सुमाराला तिथे हजारच्या आसपास खलाशी राहत होते.

आता ते कलाकेंद्र आहे, खलाशी १९७६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाला हलवले. इमारतींसमोर ग्रीक देवळासारखे खांब, आणि समोर थेट जहाजांची वाट. म्हातारे इथे बसून बाटलीतली जहाजं करायचे, टोपल्या विणायचे. हातांना दोराची सवय होती ना.

कपातीबद्दल : इथे १७९८ च्या कायद्याने महिन्याला २० सेंट कापत, पण त्यातून त्याच खलाशांसाठी दवाखाने निघाले. भरणारा आणि घेणारा एकच.

बाणकोटी :

वर लश्करांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. माझं गाव दापोली तालुक्यात. आमच्या आणि शेजारच्या खेड, मंडणगड, चिपळूण भागातल्या कितीतरी घरांतली माणसं पिढ्यान् पिढ्या जहाजांवर. सारंग (खलाशांचा म्होरक्या), तांडेल (त्याच्या हाताखालचा), खलाशी, भंडारी (जहाजावरचा स्वैपाकी) ही आमच्याकडे आडनावाआधीची ओळख असायची.

शिडाच्या काळात यांची भरती कशी व्हायची? ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं इंग्लंडहून निघताना गोरे खलाशी घेऊन निघत. वाटेत काही मरत, काही पळत, लढाईच्या दिवसांत आरमार जबरदस्तीने धरून नेई. परतीला माणसं कमी पडली की मुंबई, सुरत, कलकत्त्याला लश्कर घ्यायचे. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. आणि लंडनला पोचल्यावर काम संपलं. परतीचं जहाज मिळेपर्यंत शॅडवेलच्या बराकीत, थंडीत, पातळ कपड्यांत. १८२३ च्या कायद्याने तर स्पष्ट केलं की हे ब्रिटिश खलाशी नव्हेत. म्हणजे तुमच्या सहा पेन्सांच्या भांडणातसुद्धा यांना जागा नाही.

१८५७ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात 'स्ट्रेंजर्स होम' निघालं, आशियाई आणि आफ्रिकी खलाशांसाठी. पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीप सिंग यांनी त्याला ५०० पौंड दिले. १९३७ पर्यंत चाललं.

म्हातारपणाचं म्हणाल तर आमच्या माणसाला एकच निवृत्ती ठाऊक : गाव. चार गुंठे भात, दोन आंबे, मशिदीच्या ओट्यावर संध्याकाळ. ज्याचं गावात काही नव्हतं त्याचं काय झालं हे आमच्या घरातही कुणी बोलत नसे.

आणि मुंबईतली एक इमारत तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. रीगल सिनेमासमोरचं पोलीस महासंचालकांचं कार्यालय. ते मूळ रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने बांधलेलं, १८७६ मध्ये पूर्ण झालं. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी दोन लाख रुपये दिले होते. वर दर्शनी भागावर समुद्रदेव कोरलाय, पुढच्या वेळी मान वर करून बघा. ते घरही युरोपियन खलाशांसाठी. पैसा बडोद्याचा आणि खाटा त्यांच्या.

जुनासुकाणू :

मी ३४ वर्षं बोटीवर काढून निवृत्त झालोय, शिडाच्या नाही, डिझेलच्या. आपल्याकडे १९६६ चा खलाशी भविष्यनिर्वाह निधी कायदा आहे, म्हणून माझ्या क्रूमधल्या माणसांना उतरल्यावर काहीतरी हातात मिळालं. तरी एक अनुभव सांगतो. एका बोटीवर आमचे पगार पाच महिने अडकले होते. मालक उत्तर देईना, आम्ही परक्या बंदराबाहेर नांगर टाकून. त्या पाच महिन्यांत सगळ्यात जास्त शांत आमचा सर्वांत वयस्क खलाशी होता, सत्तावन्न वर्षांचा. रोज सकाळी उठून गंज खरवडायचा. मी विचारलं, कशासाठी करता, मालकाने सोडून दिलीय बोट. म्हणाला, साहेब, बसलो तर हात विसरतील. वरचं दोर उकलण्याचं वाचलं आणि तो डोळ्यांपुढे आला.

मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. आत पहिल्या महायुद्धात गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे, दोन हजारांहून जास्त नावं. त्यातली कोकणातली नावं वाचायला तरी एकदा जा.

चिवलाबाग :

आमच्याकडची आठवण लिहितो, देवगडची. आम्ही गाबीत. आजोबा पडावावर, म्हणजे शिडाच्या मालवाहू गलबतावर, तांडेल होते. मंगळुरी कौलं, लाकूड, नारळ घेऊन मुंबईला जायचं, येताना किराणा, कापड. नारळी पौर्णिमा झाली की पडाव पाण्यात, आणि पाऊस जवळ आला की खाडीत आत ओढून झापांनी शाकारून ठेवायचा. इंजिनं आली, ट्रक आले, आणि १९७० च्या आसपास मालकाने पडाव विकला. आजोबांचा तोच निवृत्तीचा दिवस. हातात काही आलं नाही. भाड्यात भाग असायचा. भाडं नाही तर भाग नाही. १८५४ पर्यंतचा इंग्लंडचा नियम वाचून मला आजोबांचाच हिशोब आठवला.

नंतर वीस वर्षं जगले. पहाटे उठून पडवीत यायचे, तोंड पश्चिमेला करून उभे राहायचे आणि आईला सांगायचे, "वारो फिरलो गो, वाळवण आत घी." कधी चुकले नाहीत. दिवसभर सुंभाचा तुकडा हातात. गाठ मारायची, सोडायची. आम्हा पोरांना झोपाळा बांधून दिला तर त्याची गाठ आम्हाला कधी सोडवता आली नाही, आणि ती कधी सुटलीही नाही.

दर्याकाठ :

चिवलाबाग, हेच हवं होतं. एक विचारू? लश्करांच्या बोलीत शीड उतरवायला 'आरिया' म्हणत, मूळ पोर्तुगीज. आजोबांच्या तोंडी असा शब्द होता का? आणि शिडं ते स्वतः शिवायचे का?

चिवलाबाग :

'आर्या' म्हणायचे! विहिरीत कळशी सोडतानासुद्धा. आम्हाला वाटायचं ही त्यांची लाडाची लकब.

शिडं स्वतःच शिवायचे. जाड सुई कापडातून रेटायला तळहातात चामड्याचा पट्टा घालत, मधोमध धातूची खाचखळग्यांची टिकली. तो पट्टा अजून आहे, वडिलांच्या पेटीत. चामडं वाळून लाकडासारखं झालंय. मी हातात घालून पाहिला, अंगठ्याच्या भोकात माझा अंगठा सैल फिरतो. गणपतीला गावी जाईन तेव्हा फोटो काढून इथे टाकतो.